पित्ताशय काढल्यावरही पित्तनलिकेत इन्फेक्शन होतं का? लक्षणं काय असतात?

हो, होतं. तुमच्या आईंचं पित्ताशय दोन वर्षांपूर्वी काढलंय आणि आता थंडी वाजून ताप येतोय, डोळे पिवळे दिसतायत, असं तुम्ही लिहिलंय. मी पोटविकारांच्या वॉर्डात नर्स आहे. आधी एकच सांगते: ईआरसीपीची (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिका मोकळी करण्याची) सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये त्यांना आजच न्या. बाकीचं वाटेत वाचा.

पित्त यकृतात तयार होऊन नलिकेतून लहान आतड्यात उतरतं. ते वाहतं असतं तोवर आतड्यातून वर आलेले जंतू धुऊन निघतात. वाट अडली की पित्त तुंबतं, त्यात ई. कोलाय, क्लेबसिएला असे जंतू वाढतात, आणि दाब वाढला की ते थेट रक्तात शिरतात. म्हणूनच हा ताप साधा नसतो. पेशंटला अशी हुडहुडी भरते की खाट वाजते, अंगावर दोन ब्लँकेटं टाकली तरी दात वाजायचे थांबत नाहीत.

अडथळा बहुतेक वेळा खड्याचाच. पित्ताशय गेलं तरी मुख्य नलिकेत खडा राहिलेला असू शकतो, कधी नंतर तिथेच नवा होतो. ऑपरेशननंतर नळी आकसणं, स्वादुपिंडाची किंवा नळीचीच गाठ, आधी बसवलेला स्टेंट (पित्तनलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) बुजणं ही इतर कारणं.

ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि कावीळ ही त्रयी शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८७७ मध्ये नोंदवली. पण तिन्ही एकदम दिसतीलच असं नाही. वयस्कर माणसाचं पोट फारसं दुखतही नाही. नुसतीच गळून जातात, असंबद्ध बोलायला लागतात. बीपी उतरलं किंवा बोलणं बदललं तर एक तासही घालवू नका. लघवी गडद, संडास पांढरट, अंगाला खाज, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि कृपा करून कावीळ उतरवून घ्यायला, माळ घालायला जाऊ नका. अडकलेला खडा त्याने हलत नाही, वेळ मात्र जातो.

तिथे रक्ततपासण्या, सोनोग्राफी, गरज पडली तर एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) होईल. शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतील, पण नळी मोकळी करणं हाच खरा इलाज. त्यात प्लास्टिकचा स्टेंट बसवला तर तो कधी काढायचा किंवा बदलायचा, ही तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. साधारण तीन महिन्यांत ते करावं लागतं. बरं वाटलं म्हणून राहून गेलं, तर तोच स्टेंट बुजतो आणि पुन्हा हाच ताप येतो.