उन्हाळाभर ड्रम कोअर, मग साताऱ्याला कधी?

प्रश्न: आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगी १७ वर्षांची, अकरावीत आहे. शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये मेलोफोन हे पितळी वाद्य वाजवते. आता तिला ड्रम कोअरची, म्हणजे उन्हाळाभर दौरा करणाऱ्या वाद्यपथकाची, ऑडिशन द्यायची आहे. निवड झाली तर मेपासून ऑगस्टपर्यंत ती घरी नसेल. रात्री बसमध्ये प्रवास, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपणं, आणि त्यासाठी काही हजार डॉलर आपणच भरायचे. तिच्या बाबांचं म्हणणं, कॉलेजच्या अर्जांच्या वर्षी हे खूळ कशाला? शिवाय दर उन्हाळ्यात आम्ही साताऱ्याला जातो. सासूबाई वर्षभर त्या महिन्याची वाट बघतात. मुलगी आमच्याशी धड बोलत नाही. काय करावं?
— एक आई, टेक्सास

उत्तर: ताई, ती जे मागते आहे ते तुम्ही दोघांनी अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, असं पत्रावरून वाटतं. शाळेचा बँड पाहिला असेल, शुक्रवारच्या फुटबॉल सामन्यात मध्यंतराला वाजतो तो. ड्रम कोअर त्याच घराण्यातलं, पण वेगळंच प्रकरण आहे. पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी गावोगावी बिगुल आणि ड्रमची पथकं उभी केली, तिथून हे सुरू झालं. १९७१ मध्ये काही पथकांनी एकत्र येऊन ड्रम कोअर इंटरनॅशनल ही संस्था काढली आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. आता अंतिम स्पर्धा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात इंडियानापोलिसच्या ल्यूकस ऑइल स्टेडियममध्ये होते. एका मोठ्या कोअरमध्ये दीडशेच्या वर मुलंमुली असतात. सनई-बासरीसारखी फुंकवाद्यं नाहीत. पितळी वाद्यं, ड्रम, मैदानाच्या पुढच्या कडेला मांडलेली मरिंबा-व्हायब्राफोन ही पट्ट्यांची वाद्यं, आणि झेंडे, रायफली, तलवारी फिरवणारा कलर गार्ड.

दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम असतो. तोच ही मुलं सगळा उन्हाळा घासतात.

त्यात नेमकं काय घासायचं असतं, हे तिच्या बाबांना जरूर सांगा. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे प्रत्येक पाऊल साडेबावीस इंचांचं. प्रत्येकाला मैदानावरच्या आपल्या जागा एकेक करून पाठ असाव्या लागतात, आणि तिथे पोचताना छाती प्रेक्षकांकडे, श्वास काबूत, सूर स्थिर. आणि आवाजाचा घोळ वेगळाच. मैदानाच्या मागच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत आवाज यायला सेकंदाचा साधारण सातवा भाग लागतो. पुढे उभ्या मुलांनी डोळ्यांसमोरच्या ड्रम मेजरच्या (ताल दाखवणाऱ्या संचालकाच्या) हातावर वाजवलं तर ती घाईत जातात. म्हणून मागचे ड्रम हातावर चालतात आणि पुढच्यांनी डोळ्यांपेक्षा कानांवर विसंबून, मागून येणाऱ्या ड्रमवर वाजवायचं असतं. तेव्हा कुठे वरच्या प्रेक्षकाला सगळं एकसंध ऐकू येतं. १७ वर्षांचं लेकरू हे आपणहून शिकायला निघालंय, याला मी खूळ म्हणणार नाही.

गणपतीच्या मिरवणुकीतलं ढोल-ताशा पथक आपल्या ओळखीचं आहे. ताशाच्या तर्रीवर ढोल उचलायचा, पुढे ध्वज नाचवायचा, कित्येक आठवडे नोकरी-कॉलेज सांभाळून सराव करायचा. अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी मंडळांनीही अशी पथकं उभी केली आहेत. तुमची मुलगी ज्या गोष्टीकडे ओढली गेली आहे ती आपल्या रक्ताला परकी नाही. परप्रांतातून आलेल्यांनी यात आपली जागा केल्याचं उदाहरणही आहे: सॅक्रामेंटोचा मँडरिन्स हा कोअर १९६३ मध्ये तिथल्या चिनी वंशाच्या मुलांचा म्हणून सुरू झाला आणि आज पहिल्या फळीत खेळतो.

आता तुमच्या काळज्या. कॉलेजचं बाबांचं म्हणणं मला अर्धं पटतं. अर्जात चांगलं दिसेल म्हणून कुणी ड्रम कोअरला जाऊ नये. त्या श्रमांपुढे हा हेतू जूनमध्येच मोडून पडतो. तारखाही अडचणीच्या आहेत. मेमध्ये एपी (कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या) परीक्षा असतात आणि निवासी सराव शाळा संपण्याच्या सुमारालाच सुरू होतो. कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांसाठीचा सामाईक ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी खुलं होतं, तेव्हा ती दौऱ्याच्या शेवटच्या टप्प्यात असेल. शाळेच्या बँडचा उन्हाळी सरावही तेव्हाच असतो, म्हणून बँड डायरेक्टरांशी आधी बोला. शाळा-परीक्षांमुळे उशिरा येणाऱ्या मुलांसाठी कोअर काय करतं, हे तिने स्वतः विचारावं, तुम्ही नव्हे. वयोमर्यादा साधारण एकविशीपर्यंत आहे, म्हणजे बारावी झाल्यावरचा उन्हाळाही तिच्या हाती आहे. खरं तर तो जास्त मोकळा.

म्हणून माझं मत असं: यंदा जायचं की पुढच्या वर्षी, हे तिघांनी ऑडिशनच्या आधी ठरवा. निवड झाल्यावर "आता नको" म्हणणं फार क्रूर होईल. यंदाच जायचं ठरलं तर मेआधी कॉलेजच्या अर्जांतल्या निबंधांचे कच्चे मसुदे लिहून ठेवायचे, ही अट घाला. ती पाळली तर शब्द फिरवू नका. निवड होईलच असंही नाही. पहिल्या फळीत जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ. ओपन क्लासचे, म्हणजे दुसऱ्या फळीचे, कोअर आहेत, त्यांचा दौरा तुलनेने आटोपशीर असतो आणि सुरुवातीला तो वाईट नाही.

पैशांबद्दल. ही पथकं ना-नफा संस्था आहेत, त्यामुळे त्यांचे फॉर्म ९९० (करखात्याला दिलेली वार्षिक विवरणपत्रं) सार्वजनिक असतात. तिच्या बाबांनी बसून वाचावेत. हे मी उगाच सांगत नाही. सँटा क्लारा व्हॅनगार्डसारख्या अनेकदा विजेत्या ठरलेल्या कोअरला २०२३ चा हंगाम आर्थिक अडचणींमुळे सोडावा लागला. तेव्हा हंगाम रद्द झाला किंवा मुलगी दुखापतीने मध्येच परतली तर फीचं काय, हे लेखी घ्या.

सुरक्षिततेबाबत जराही भीड ठेवू नका. २०१८ मध्ये एका नामांकित कोअरच्या प्रमुखाला लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांनंतर पद सोडावं लागलं, आणि त्यानंतर या सगळ्या क्षेत्राला आपले नियम तपासावे लागले. कोअरला थेट विचारा: कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी कोण तपासतं, अठराच्या आतल्या मुलांसोबत एकट्याने कुणी असू नये असा नियम आहे का, तक्रार बाहेरच्या कुणाकडे करता येते का, उन्हात सराव थांबवण्याचा अधिकार कुणाला आहे. नीट उत्तर न देणारं कोअर कितीही जिंकणारं असो, ते सोडा. मुलीलाही हे समजावून सांगा. आपल्या घरांत "सर सांगतात ते ऐकायचं" हे फार रुजलेलं असतं, आणि इथे ते धोक्याचं आहे.

जेवणाचं फार मनावर घेऊ नका. कोअरसोबत स्वयंपाकाचा ट्रक फिरतो, दिवसात साधारण चार वेळा खाणं मिळतं, शाकाहारी असल्यास आधी कळवायचं. बरोबर मेतकूट आणि लसणीची चटणी द्या, वरणभात नाही मिळणार. कानांत घालायचे चांगले प्लग मात्र तुम्हीच विकत घ्या. आणि शक्य असेल तर एखादा दिवस त्या ट्रकवर स्वयंसेवक म्हणून कांदे चिरायला जा. पालकांच्या अशा मदतीवरच हे गाडं चालतं, आणि तुमची मुलगी कुणासोबत राहते आहे हे तिथे एका दुपारी जेवढं कळेल तेवढं फोनवर कळणार नाही.

सासूबाईंचा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण तिथे तडजोडीत कुणाचंतरी खरंच नुकसान होतं. म्हाताऱ्या माणसाचा एक उन्हाळा कमी होणं ही लहान गोष्ट नाही. डिसेंबरच्या सुट्टीत साताऱ्याला जायचं आत्ताच ठरवून तिकिटं काढा, आणि ही बातमी आजीला नातीनेच फोन करून द्यावी, का जायचंय तेही तिनेच सांगावं. कार्यक्रमांचं थेट प्रक्षेपण होतं, ते आजीला दाखवायची जबाबदारी साताऱ्यातल्या कुणा पुतण्यावर सोपवा. आजी नाराज झाल्याच तर ती नाराजी मुलीने ऐकून घ्यावी, तुम्ही मध्ये पडू नका.

आणि या सगळ्याआधी एक कार्यक्रम बघाच. जुलैमध्ये सॅन अँटोनियोच्या अलामोडोममध्ये मोठी स्पर्धा असते, डॅलसहून गाडीने जाण्यासारखं अंतर. ऑडिशनांचा मोसम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असतो, तेव्हा यंदाचा जुलै हुकला असेल तर घरच्या टीव्हीवर मागच्या हंगामाचे कार्यक्रम तिघांनी मिळून बघा आणि काय चाललंय ते मुलीला सांगू द्या. प्रत्यक्ष जाल तेव्हा खाली मैदानाजवळची तिकिटं घेऊ नका. पन्नास यार्डांच्या रेषेसमोर, उंचावर बसा, आकृत्या तिथूनच उलगडतात. दोन तास लवकर पोचून पार्किंगमध्ये जा. तिथे ड्रमवाले सराव करत असतात आणि रसिक कोंडाळं करून ऐकतात. त्यांत तीस-चाळीस वर्षांपूर्वी स्वतः वाजवलेले आजोबा भेटतील, आपल्या जुन्या कोअरचा टीशर्ट घालून आलेले. त्यांच्याशी बोला, भरभरून सांगतात. कार्यक्रम चालू असताना जागेवरून उठून ये-जा करू नका, ते तिथे असभ्य मानतात. पण जागा दाद देण्याजोगी आली की मोठ्याने ओरडायला, उभं राहायला पूर्ण मुभा आहे, वाजवणं संपायची वाट बघावी लागत नाही. नाट्यगीताला "वा!" म्हणणाऱ्या माणसाला हे लगेच जमतं. गुण शंभरांपैकी असतात: एकंदर परिणामाला ४०, दृश्य आणि संगीताला ३०-३०. ब्लू डेव्हिल्स की ब्लूकोट्स, या दोन नामांकित कोअरपैकी सरस कोण, यावर लोक तावातावाने भांडतात, आणि तरी प्रत्येक कोअरसाठी टाळ्या वाजवतात.

ऑडिशनची कागदपत्रं आणि वैद्यकीय तपासणी दोन्हींना वेळ लागतो. बऱ्याच ठिकाणी पहिली फेरी व्हिडिओवर घेतात, म्हणजे तेवढ्यासाठी तरी विमानाचा खर्च नाही. तारखा तिलाच शोधायला सांगा आणि रविवारी तिघं जेवणाच्या टेबलावर कॅलेंडर उघडून बसा.