कुकी एक्स्चेंजला (प्रत्येकीने घरून कुकीज करून आणायच्या आणि आपापसात वाटायच्या) पहिल्यांदाच करतेयस ना, मग हे वाच

अगं एकच प्रकार कर पण तो नीट कर. आयसिंगवाल्या, जॅम भरलेल्या सध्या नकोच, डब्यात एकमेकींना चिकटतात. साध्या बटर कुकीज किंवा चॉकलेट चिप बेस्ट.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पीठ फ्रीजमध्ये ठेवणं, किमान अर्धा तास तरी, रात्रभर ठेवलंस तर अजून छान, कारण बटर गार असलं की ओव्हनमध्ये हळू वितळतं आणि कुकी पसरून चपटी होत नाही, ही स्टेप प्लीज गाळू नकोस. १७५-१८० डिग्रीला साधारण १०-१२ मिनिटं, कडा सोनेरी झाल्या की लगेच काढ, मध्ये मऊ लागली तरी घाबरू नको, गरम ट्रेवर ती अजून थोडी शिजतेच. आणि गोळे सगळे एका मापाचे, नाहीतर छोटे करपतात, मोठे कच्चे राहतात. मी छोटा स्कूप वापरते.

पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही. कुरकुरीत आणि मऊ कुकीज एकत्र ठेवू नकोस, मऊचा ओलावा कुरकुरीत ओढून घेते आणि दोन्ही बिघडतात.

डब्यावर चिठ्ठी लावच: अंडं, दूध, मैदा, दाणे, सुकामेवा, काय काय आहे ते सगळं. कुणाला अ‍ॅलर्जी असेल आपल्याला काय माहीत, ह्यात हयगय नको.

आणि हिशोब आधी कर, तुला धरून ८ जणी आणि बाकी सातजणींना प्रत्येकी ६ द्यायच्या तर ४२ लागतील, वर चार-पाच जास्तीच्या धर, काही मोडतातच.