ऑक्टोपस पाळायचा म्हणताय? आधी हे वाचा

मागच्या अंकात खाऱ्या पाण्यातल्या क्लाउनफिशबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर सीमाभागातून जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले बरेचसे ऑक्टोपसबद्दलच आहेत. म्हणून या वेळी दुसरं काही घेत नाही.

प्रश्न : मी इंजिनीअरिंगच्या थर्ड इयरला आहे. घरी तीन फुटी टँक आहे, गोड्या पाण्याचा, एंजल आणि टेट्रा मासे छान चाललेत. ऑक्टोपस बरणीचं झाकण उघडतो ते व्हिडिओ बघितल्यापासून डोक्यात तेच आहे. याच टँकमध्ये मीठ घालून ठेवता येईल का? काय काय लागेल? – एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : याच टँकमध्ये नाही रे, आणि नुसतं मीठ घालून तर अजिबातच नाही. तीन फुटीत शंभर-सव्वाशे लिटर पाणी मावतं, ऑक्टोपस छोट्या जातीचा धरला तरी २०० लिटरच्या वर पाहिजे, कारण तो खातो भरपूर, घाण भरपूर करतो, आणि पाणी जरासं बिघडलं की माशाच्या आधी तो जातो.

पाण्यापासूनच सुरू करू, कारण बेळगावात सगळं तिथेच अडतं. किचनमधलं मीठ म्हणजे जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराईड, समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही असतं, त्यामुळे मरीन सॉल्ट मिक्सच आणावं लागतं. ते लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २५० लिटरच्या टँकला पहिल्या भरणीलाच जवळजवळ ९ किलो, आणि मग दर आठवड्याला २५ ते ३५ लिटर पाणी बदलायचं म्हटलं की दर वेळी किलोभर मीठ गेलं. ते पाणी आदल्या दिवशी कालवून पंप लावून ठेवायचं, ऐनवेळी बादलीत ढवळून ओतलं की झालं असं नाही. कालवायला लागणारं पाणीसुद्धा शुद्ध पाहिजे. नळाचं राकसकोप धरणाचं येत असो की हिडकलचं, त्यात क्लोरीन असतंच, बोअरच्या पाण्यात क्षार असतात, आणि घरच्या आरओत बऱ्याचदा चवीसाठी मिनरल्स परत सोडलेले असतात, म्हणून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्याजवळ आणणारा वेगळा आरओ-डीआय फिल्टर लागतो. काही जण म्हणतात गोव्याहून कॅन भरून समुद्राचंच पाणी आणतो की. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचं पाणी नद्यांच्या पाण्याने पातळ झालेलं असतं, बंदराजवळ डिझेल असतं, आणि दर आठवड्याला चोर्ला घाट उतरून कोण जाणार आहे.

आता तांबं. आपल्याकडे अजून बऱ्याच घरात पिण्याचं पाणी तांब्याच्या हंड्यात भरून ठेवतात, माणसाला ते चालतं, पण ऑक्टोपसच्या पाण्याला तांब्याचं भांडं लावायचंच नाही. त्याच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोसायनिन तांब्याचंच असतं, म्हणून तर रक्त निळं दिसतं, आणि तरीही पाण्यात विरघळलेलं तांबं अगदी थोडं असलं तरी त्याला विष ठरतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर जी औषधं देतात त्यातल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. ज्या टँकमध्ये असलं औषध एकदा पडलंय तो टँक, त्यातली वाळू, दगड, फिल्टरमधला स्पंज, काहीच ऑक्टोपससाठी वापरू नकोस. स्वस्तातल्या चिलरच्या, म्हणजे टँकचं पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या, आत तांब्याची नळी पाण्याला लागत असेल तर तोही बाद, टायटॅनियमच्या नळीचा विचारून घ्यायचा.

चिलर कशाला, बेळगाव तर थंड गाव, असं तू म्हणशील. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३५ च्या वर जातो, त्यात पंपाची आणि लाईटची गरमी, खोलीतल्या टँकचं पाणी सहज ३० ला पोचतं. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी, आणि ऑक्टोपसला तीन हृदयं असूनही ऑक्सिजनची कमतरता जराही सोसत नाही. त्यातून वळवाचा पाऊस आला, वारं सुटलं, लाईट गेली की तीन-चार तास पंप बंद, म्हणजे इन्व्हर्टर किंवा निदान बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच. हे सगळं लावल्यावरही टँक ऑक्टोपस न सोडता नुसत्या पाण्यावरच चालवायचा, निदान तीन महिने, अमोनिया आणि नायट्राइट पूर्ण शून्य येईपर्यंत. जे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात त्यांना वाढायला वेळ लागतो आणि तो पैसे देऊन कमी होत नाही. मोठा प्रोटीन स्किमर लागतो, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र. ऑक्टोपसने चुकून शाई सोडली तर ताबडतोब फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (कोळसा) टाकून बरंचसं पाणी बदलावं लागतं, कारण समुद्रात ती शाई पसरून जाते, टँकमध्ये ती त्याच्याच कल्ल्यांत बसते.

आणि झाकण! त्याच्या अंगात कडक असा भाग एकच, चोच, ती जिथून जाईल तिथून सगळा ऑक्टोपस जातो. न्यूझीलंडच्या नेपियरमधल्या नॅशनल अक्वेरियममधून इंकी नावाचा ऑक्टोपस झाकणाच्या फटीतून निघाला आणि जमिनीवरून सरपटत जाऊन ड्रेनच्या पाइपातून थेट समुद्रात पोचला, २०१६ मध्ये जगभर बातमी झाली. तुझा टिळकवाडीत बाहेर पडला तर फरशीवर सुकून मरेल, बाकी काही नाही. म्हणून क्लॅम्प लावून बंद होणारं झाकण, वायर आणि पाइपच्या जागासुद्धा बुजवलेल्या, पंपाच्या तोंडाला स्पंज.

एवढं वाचून अजून इच्छा असेल तर मी नाही म्हणत नाही, पण आधी एक वर्ष साधा खाऱ्या पाण्याचा टँक चालव, हॅचरीत तयार झालेले क्लाउनफिश आपल्याकडे मिळतात, त्यांच्यावर हात बसू दे. वर्षभर एकदाही पाणी बिघडलं नाही तर मला परत लिही, पुढचं आपण नीट बोलू.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे, हट्ट धरून बसलाय. गोव्याला आमच्या ओळखीचे एक ट्रॉलरवाले आहेत, ते म्हणतात जाळ्यात ऑक्टोपस येतात, जिवंत बादलीत घालून देतो, सकाळी निघालात तर दुपारपर्यंत निपाणीत पोचाल. जगेल का? – एक वाचक ताई, निपाणी

उत्तर : ताई, नाही जगणार, आणि वाटेत जगला तरी आठवडाभरात जाईल. ट्रॉलच्या जाळ्यात तो तासन्तास इतर मासळीखाली दाबलेला असतो, कातडी सोलवटलेली, हात तुटलेले. मग बादलीत पाणी हिंदकळतं, तापतं, भीतीने तो शाई सोडतो आणि त्याच शाईच्या पाण्यात बसून तुमच्या घरापर्यंत येतो. शिवाय जाळ्यातल्या ऑक्टोपसचं वय कुणालाच सांगता येत नाही. बऱ्याच जाती वर्ष-दीड वर्षच जगतात, मोठा दिसतोय म्हणून छान आहे असं वाटतं आणि तो आयुष्याच्या शेवटी आलेला असतो. मुलाला पंधरा दिवसांत मेलेला ऑक्टोपस बघायला लागेल, ते कशाला?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. निळ्या वलयांचा छोटासा ऑक्टोपस हिंदी महासागरात आणि पॅसिफिकमध्ये असतो, मुठीत मावेल एवढा, त्याच्या चाव्यात टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं आणि त्यावर उतारा औषध नाही, श्वास बंद पडतो, दवाखान्यात कृत्रिम श्वासावर ठेवणं हाच इलाज. शांत असताना वलयं फिकट असतात, म्हणजे लहान मुलाच्या लक्षातही येणार नाहीत. कुठल्या जातीचा आहे हे खात्रीने माहीत नसलेला ऑक्टोपस मुलांच्या हाताशी आणायचा नाही.

त्यापेक्षा मुलाला समुद्राकडेच न्या की. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सगळ्यात खाली जाते, त्या वेळी मालवण-वेंगुर्ल्याकडच्या खडकाळ किनाऱ्यावर दगडांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. निपाणीहून आंबोली घाट उतरून जाता येतं, पावसाळा सोडून जा, भरती-ओहोटीची वेळ आधी बघा, कोणी तिथला माणूस बरोबर घ्या. खळग्यापाशी न हलता बसलं की खेकडे, समुद्री गोगलगायी, छोटे मासे दिसायला लागतात आणि नशीब असेल तर दगडाचाच रंग घेतलेला ऑक्टोपसही. हात घालायचा नाही आणि दगड उलटे टाकून यायचं नाही, एवढं मुलाला आधी सांगून ठेवा. रत्नागिरीला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि म्युझियम आहे, तेही एकदा दाखवा.

प्रश्न : ऑक्टोपस मालकाला ओळखतो म्हणतात ते खरं का? – एक निवृत्त शिक्षक, खानापूर

उत्तर : खरं आहे सर. सिएटलच्या मत्स्यालयात एकसारखे कपडे घातलेली दोन माणसं ठेवून बघितलं, एक रोज खाऊ घालायचा, दुसरा नुसती राठ केसांची, ब्रशसारखी काठी लावायचा, काही दिवसांतच ऑक्टोपस दोघांशी वेगवेगळं वागायला लागले. ते काम २०१० मध्ये छापून आलं. त्याआधी १९९९ मध्ये त्याच मत्स्यालयातल्या ऑक्टोपसांबद्दल लिहिलं गेलं की औषधाच्या गोळ्यांच्या तरंगणाऱ्या रिकाम्या बाटलीवर ते पाण्याची पिचकारी मारून ती पुन्हा पुन्हा ढकलत होते, खाण्यासाठी नाही, खेळ म्हणून. इंडोनेशियात नारळाच्या करवंट्या उचलून बरोबर घेऊन जाणारे आणि गरज पडली की त्यात लपणारे ऑक्टोपसही बघितले गेलेत, २००९ ची गोष्ट. ऑक्टोपसला साधारण ५० कोटी न्यूरॉन, म्हणजे मज्जापेशी, त्यातले बहुतेक डोक्यात नसून आठ हातांत. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात ऑक्टोपसला सुखदुःख जाणवणारा प्राणी म्हणून धरलंय. मला यातूनच वाटतं की रिकाम्या काचेच्या पेटीत त्याला दिवसभर एकटं ठेवणं हा छळ आहे, ज्याच्या घरी रोज तासभर त्याच्याशी खेळायला माणूस नाही, नवीन डबी, नवीन दगड, जिवंत खेकडा शोधायला लावणं हे जमत नाही, त्याने ठेवू नये.

प्रश्न : माझं शहापुरात अक्वेरियमचं दुकान आहे. गिऱ्हाईक ऑक्टोपस मागतंय, शिवाय त्याच्यासाठी समुद्रातले जिवंत कोरलचे दगड. मागवू का? – एक दुकानदार

उत्तर : कोरलचे दगड तर मुळीच नको. आपल्या समुद्रातले कोरल, म्हणजे प्रवाळ, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ते काढणं आणि विकणं दोन्ही गुन्हा आहे. फिल्टरमध्ये घालायचे सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे आणि कोरडे दगड ठेवा, बॅक्टेरिया त्यावरही वाढतात. आणि ऑक्टोपस ऑर्डरवरसुद्धा मागवू नका दादा. गिऱ्हाईकाचा खाऱ्या पाण्याचा टँक वर्षभर नीट चाललेला तुम्ही स्वतः जाऊन बघितलाय का, एवढंच त्याला विचारा.

प्रश्न : आम्ही कारवारला समुद्राजवळ राहतो, समुद्राच्याच पाण्याच्या टँकमध्ये नवऱ्याने एक ऑक्टोपस ठेवलाय. आता तिने दगडाखाली अंडी घातली आहेत आणि चार दिवस झाले, खेकडा दिला तरी बघत नाही. काय करू? – एक वाचक, कारवार

उत्तर : ताई, ती आजारी नाही, पण ती आता फार दिवसांची नाही हे तुम्हाला सांगायलाच पाहिजे. अंडी घातली की मादी खाणं सोडते, अंड्यांवर सतत पाणी फिरवते, हाताने साफ करते आणि पिल्लं निघाली की काही दिवसांत जाते. हे तिच्या डोळ्यांजवळच्या ग्रंथींमुळे घडतं, १९७७ मध्ये जेरोम वोडिन्स्की नावाच्या शास्त्रज्ञाने अशा माद्यांच्या त्या ग्रंथी काढल्या तर त्या परत खायला लागल्या आणि जास्त जगल्या. घरी तसं काही करता येत नाही, म्हणजे तुमच्या हातून काही चुकलं असं मनात आणू नका.

आता करायचं ते असं. तिला हलवू नका, समुद्रात नेऊन सोडू नका, जागा बदलली की ती अंडी टाकून देते. लाईट मंद ठेवा, पाणी थोडं थोडं बदलत राहा, खेकड्याचा तुकडा जवळ ठेवून बघा आणि तासाभराने काढून घ्या, सडायला ठेवू नका. अंड्यांत आठ-दहा दिवसांनी काळे डोळ्याचे ठिपके दिसले तर त्यात जीव आहे. आपल्याकडच्या गरम पाण्यात साधारण तीन ते पाच आठवड्यांत पिल्लं निघतात. अंडी तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक असतील तर ती पिल्लं पाण्यात तरंगणारी असतील आणि घरी वाढणार नाहीत, प्रयत्नही करू नका. टँकमध्ये दुकानातला एकही मासा कधी ठेवला नसेल आणि ऑक्टोपस आणि पाणी दोन्ही तिथल्याच किनाऱ्याचं असेल, तर पिल्लं दिसतील त्या रात्री टँकच्याच पाण्यासकट अलगद बादलीत घ्या आणि त्याच किनाऱ्यावर, भरती असताना, बादली पाण्यात बुडवून वाकडी करा, वरून ओतू नका. दुकानातले मासे ठेवले असतील तर सोडू नका, त्यांचे रोग समुद्रात जातात. पंपाच्या तोंडाला आजच बारीक स्पंज लावा.