गोणीवरचा एमएफआय

प्रश्न : पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या दाण्यांच्या गोणीवर ‘एमएफआय ११’ छापलेले असते. याचा अर्थ काय? पुनर्वापराचे दाणे मिसळल्यावर साच्याच्या सांध्यातून माल बाहेर का येतो?

उत्तर : एमएफआय म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्स; वितळलेले प्लास्टिक किती सहज वाहते, याचे हे माप. पॉलिप्रॉपिलीन २३० अंश सेल्सिअसला वितळवून २.१६ किलो वजनाखाली २.०९५ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून ढकलतात. १० मिनिटांत ११ ग्रॅम बाहेर आले, तर एमएफआय ११. पॉलिथिलीनसाठी बहुधा १९० अंश धरतात, म्हणून तापमान आणि वजन न लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका.

आकडा मोठा म्हणजे रेणूंच्या साखळ्या सरासरीने आखूड. पातळ भिंतीच्या डब्याचा साचा पटकन भरतो, पण डबा आपटल्यावर लवकर तडकतो. पुन्हा वितळवताना उष्णता आणि ऑक्सिजनमुळे पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या तुटतात, आकडा चढतो आणि पातळ झालेला माल सांध्यात घुसतो. आधी इंजेक्शनचा (साच्यात माल ढकलण्याचा) दाब आणि तापमान थोडे उतरवून पाहा; तेवढ्याने भागले नाही, तर मिश्रणातले पुनर्वापराचे प्रमाण घटवा. (पॉलिथिलीनमध्ये साखळ्या एकमेकींना जोडल्याही जातात, तेव्हा आकडा उलट उतरतो.)

एमएफआयच्या चाचणीत यंत्राच्या नळीत दाणे दाबून भरा, हवा राहू देऊ नका. छिद्रातून आलेला, बुडबुडा असलेला तुकडा वजनात धरू नका. छिद्रात जळका थर साचला असेल, तर आकडा खोटाच कमी येतो.