जुन्या रोबोटवर कॅमेरा मोशन कंट्रोल करायचं आहे: स्विच कोणता घ्यावा, आणि हे खेड्यात जमतं का?

तुमचं म्हणणं असं: सहा अक्षांचा वापरलेला रोबोट स्वस्तात मिळतोय, दारव्ह्याकडे गोडाऊन आहे, त्यावर कॅमेरा बसवून एकच चाल हुबेहूब पुन्हा पुन्हा करून घ्यायची आहे, म्हणजेच मोशन कंट्रोल. लॅपटॉप आणि वायफाय राऊटरवर भागेल का, की दहा गिगाबिटचा नेटवर्क स्विच घ्यावा? इथरकॅट (लॅन केबलवरून मोटरींचे ड्राइव्ह वेळेवर हाकायची पद्धत) लागतंच का? आणि शेवटी, ‘खेड्यात लाईनीचा भरवसा नाही, तर नागपूरलाच जागा घेऊ का?’

स्विचचं उत्तर एका ओळीत: रोबोट आणि पीसीच्या मधे स्विच नकोच. पण ते खेड्याचं वाक्य लागलं, भाऊ. वरूड तालुक्यातल्या एका शेडमध्ये हेच वाक्य तीन दिवस ऐकलं आहे. ऐकवणारा शहरातून आलेला इंटिग्रेटर, म्हणजे रोबोट जोडून चालू करून देणारा होता.

संत्र्याच्या ग्रेडिंगचं शेड, मृग बहाराचा माल निघून गेल्यावर रिकामं झालेलं. कॅरेट भिंतीला लावून मधे ५ मीटरचा रूळ टाकला, त्यावर रोबोट. म्हणजे रूळ धरून सात अक्ष. काम साधं: एक चाल फोडी उडवताना, तीच चाल पुन्हा रिकाम्या टेबलावर, मग दोन्ही थर एकावर एक. टेबलाची कड जुळेना. निदान तयारच होतं, ‘गावची लाईन’. स्टॅबिलायझर बदलला. मग जनरेटर आला, दिवसभर डिझेल जळलं. कड होती तशीच. शेवटी शेडचा वायरमन बोलला, ‘लाईनले कायले बोल लावता? माह्या मीटरवर तिन्ही फेज बराबर हायेत.’

त्याचं बरोबर होतं. व्होल्टेज पडलं तर सर्व्हो ड्राइव्ह, म्हणजे मोटर हाकणारा डबा, डीसी बस अंडरव्होल्टेजचा (आतलं व्होल्टेज कमी पडल्याचा) फॉल्ट देऊन उभा राहतो. चार बोटं चुकून चुपचाप पुढे जात नाही.

खरी खूण त्या कडेतच होती. चाल सुरू होताना कड तंतोतंत, संपताना तंतोतंत, मधे रोबोट पळतो तेव्हाच सरकते. टेबलावर टेप लावून मोजलं तर एका टेकला १२ मिलिमीटर, दुसऱ्याला ५५. हे कुठेतरी लिहून ठेवा: उभ्यानं जुळतं आणि पळताना जुळत नाही, तर दोष वेळेचा. उभ्यानंही जुळत नाही, तर दोष जागेचा. मग रूळ, पाया, कॅमेरा प्लेटचे स्क्रू तपासा. रोबोट सेकंदाला २ मीटरने चालला असेल तर १ मिलिसेकंद म्हणजे २ मिलिमीटर. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे ८० मिलिमीटर. सरक दर वेळी वेगळी, पण ८० च्या आत, याचा अर्थ कॅमेऱ्याची फ्रेम रोबोटच्या सुरुवातीला बांधलेलीच नाही.

जेनलॉकची केबल लावलेली होती हो, म्हणजे कॅमेऱ्याच्या फ्रेम सिंक जनरेटरच्या ठोक्यावर बांधणारी. पण बीएनसी कनेक्टरच्या टी जोडावर ७५ ओहमचा टर्मिनेटर (केबलच्या टोकाला सिग्नल जिरवणारा), आणि कॅमेऱ्याच्या आत दुसरा ७५ ओहम. दोन टर्मिनेशन झाली की ट्राय-लेव्हल सिंकचे (त्या ठोक्याच्या सिग्नलचे) ±३०० मिलिव्होल्ट ±२०० वर येतात. कॅमेरा लॉक कधी धरायचा, कधी सोडायचा, आणि मेनूत जाऊन बघायची तसदी कोणी घेतली नव्हती. टर्मिनेटर एकच, तो ओळीतल्या शेवटच्या उपकरणावर. केबलही ७५ ओहमचीच. वायरलेस अँटेनाची ५० ओहमची केबल त्याच बीएनसीत बसते म्हणून लोक लावून मोकळे होतात.

जादाचा टर्मिनेटर काढल्यावर मोठी सरक गेली. उरला मधेच येणारा बारीक झटका, आणि तो नेटवर्कचा निघाला. एका स्विचवर रोबोट, पीसी, राऊटर, कॅमेऱ्याचा प्रिव्ह्यू आणि शेडमधल्या सगळ्यांचे फोन. या प्रकारच्या कंट्रोलमध्ये रोबोट दर ४ मिलिसेकंदाला आपली जागा पाठवतो आणि पीसीने त्याच खेपेत उत्तर द्यायचं असतं. कूका कंपनीच्या आरएसआयमध्ये, म्हणजे रोबोट बाहेरून हाकायच्या सॉफ्टवेअरमध्ये, रोबोटने पाठवलेला आयपीओसीचा (खेपेच्या वेळखुणेचा) आकडा उत्तरात जसाच्या तसा परत द्यावा लागतो. आकडा जुना असेल तर उत्तर उशिरा आलं असं धरतात. अशी किती उत्तरं उशिरा आली की थांबायचं, ही मर्यादा सेटिंगमध्ये असते. आमच्या शेडमध्ये ती १०० करून ठेवली होती, ‘सारखा थांबतो’ म्हणून! ती ५ वर आणली आणि रोबोट पहिल्याच चालीत थांबला. तेव्हा कुठे दोष दिसला.

आता वेगाचं. हे पॅकेट फार तर हजारभर बाइटचं. सेकंदाला २५० वेळा, दोन्ही बाजूंनी, म्हणजे ४ मेगाबिट. याला दहा गिगाबिट कशाला? साधं इथरकॅट २००३ साली आलं तेव्हापासून १०० मेगाबिटवरच चालतंय आणि मोठमोठ्या लाईन हाकतंय. वायफाय म्हणजे काळीपिवळी: रस्त्याला लागली की जोरात पळते, पण सीट भरल्याशिवाय सुटत नाही. वायफाय खरंच तसंच करतं, पॅकेट साठवून एकगठ्ठा सोडतं. तुम्हाला पाहिजे सकाळी ६ ची मुक्कामी एसटी. हळू चालेल, सुटायची वेळ चुकायला नको.

लॅपटॉपही नको. बॅटरी आणि तापमान सांभाळायला त्याचं फर्मवेअर मधेच प्रोसेसर काढून घेतं, ऑपरेटिंग सिस्टिमला पत्ताही लागत नाही. साधा डेस्कटॉप घ्या, तीन लॅन पोर्टचा, त्यात दोन तरी इंटेल आय२१० सारखे. पहिल्या पोर्टवरून केबल थेट रोबोटच्या कंट्रोलरला, आयपी पत्ता हाताने टाकलेला, गेटवे रिकामा. दुसरा पोर्ट थेट इथरकॅटच्या पहिल्या ड्राइव्हला. तिसऱ्यावर राऊटर, फोन, यूट्यूब, जे काय असेल ते. प्रोटोकॉल यूडीपी, पॅकेट एकदा पाठवून मोकळा होणारा. टीसीपी हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवतो, आणि तोपर्यंत ती जागा शिळी झालेली असते.

लिनक्स टाका, कर्नल ६.१२ किंवा पुढचा. रिअल-टाइमचा, म्हणजे काम ठरल्या वेळेतच करवणारा प्रीएम्प्ट-आरटी त्यात मूळ कर्नलमध्येच आला आहे, तो पर्याय चालू करून बांधलेला कर्नल घ्या. बायोसमध्ये सी-स्टेट (प्रोसेसरची डुलकी), हायपरथ्रेडिंग (एका कोरवर दोन कामं) आणि वेग कमी-जास्त करणारं सगळं बंद. एक कोर कंट्रोलच्या थ्रेडला राखीव, नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट (पॅकेट आल्याची हाक) कोणत्या कोरवर येतो ते ठरवून द्या, या हाका आपोआप वाटणारा आयआरक्यू-बॅलन्स बंद. लॅन कार्डाची वीजबचत म्हणजे ईईई बंद, इंटरप्ट कोअलेसिंग शून्य. तीही काळीपिवळीच आहे, पॅकेट गोळा झाल्यावर हाक मारते. कंट्रोल थ्रेडमधून लॉग डिस्कवर लिहू नका. मेमरीतल्या रिंग बफरमध्ये टाका, दुसरा थ्रेड सावकाश लिहील. मग सायक्लिकटेस्ट हा उशीर मोजणारा प्रोग्राम रात्रभर चालवा, सोबत डिस्क आणि ग्राफिक्सवर भार टाकून. सरासरी बघू नका, कमाल बघा. १ मिलिसेकंदाच्या सायकलला कमाल १०० मायक्रोसेकंदाच्या आत हवी.

इथरकॅट लागतंच का? रोबोटसाठी नाही, त्याच्या कंट्रोलरशी यूडीपीने भागतं. रूळ, टर्नटेबल, फोकसची मोटर हे तुम्ही जोडणार, त्यासाठी मात्र इथरकॅटसारखं दुसरं सोयीचं काही नाही. ड्राइव्ह एकामागोमाग, आउटमधून पुढच्याच्या इनमध्ये. इन-आउट उलटं झालं की क्रम विस्कटतो. डिस्ट्रिब्यूटेड क्लॉक (सगळ्या ड्राइव्हचं सामायिक घड्याळ) चालू केल्यावर सगळे ड्राइव्ह एकमेकांशी १ मायक्रोसेकंदाच्या आत राहतात. मोड सीएसपी, दर सायकलला नवी जागा देणारा, म्हणजे ड्राइव्हच्या ६०६० या खान्यात ८. ड्राइव्ह एनेबल करण्याआधी ६०६४ मधली खरी जागा वाचून ६०७ए मध्ये, म्हणजे जायच्या जागेच्या खान्यात भरा. हे विसरलात तर ड्राइव्ह शून्याकडे उडी मारतो, आणि त्या टोकाला तुमचा कॅमेरा असतो. रुळाच्या ड्रॅग चेनमध्ये (केबल सोबत वाकवत नेणाऱ्या साखळीत) घरची एकेरी जाड तारेची कॅट-६ टाकू नका, आतून तुटते आणि ठरावीक वाकणीवरच चुका येतात. हेक्स ०३०० या रजिस्टरमध्ये प्रत्येक पोर्टच्या चुका मोजलेल्या असतात. ज्या पोर्टवर आकडा वाढतो, त्या पोर्टला लावलेली केबल बदला.

घड्याळ एकच ठेवा. ४ मिलिसेकंदाची खेप रोबोटच्या घड्याळावर चालते, सिंक जनरेटरचा क्रिस्टल वेगळा. दोघांत ५० पीपीएमचा (दहा लाखात ५०) फरक असला तरी मिनिटाला ३ मिलिसेकंद. म्हणून जेनलॉकची पल्स इथरकॅटच्या टाइमस्टॅम्प असलेल्या इनपुटवर घ्या आणि चाल फ्रेमच्या वेळेवरून काढा, खेपा मोजून नाही. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एका फ्रेममध्ये बरोबर १० खेपा बसतात म्हणून मोजणं चालून जातं. २४ ला फ्रेम ४१.६७ मिलिसेकंदांची होते आणि गणित फसतं. हजार फ्रेमचा कॅमेरा असेल तर उलटं करा, रोबोटच्या डिजिटल आउटपुटवरून कॅमेऱ्याला ट्रिगर द्या.

रोबोटचे पैसे देण्याआधी एकच विचारा: बाहेरून हाकायचा सॉफ्टवेअर ऑप्शन त्याच्या कंट्रोलरमध्ये आहे का? कूकाचा आरएसआय, एबीबीचा ईजीएम हे वेगळे घ्यावे लागतात. ते नसेल तर तुमच्या कामाला ते नुसतं लोखंड आहे. युनिव्हर्सल रोबोट्स कंपनीच्या हातांना अशा कामाचं आरटीडीई मुळातच असतं, ई-सिरीजला ५०० हर्ट्झ, जुन्या सीबी३ ला १२५. पण ते हात झपाट्याच्या चालीसाठी नाहीत.

आता लाईनीबद्दल, कारण सगळंच खोटं नाही. शेतीच्या फीडरवरून कनेक्शन घेऊ नका, तिथे थ्री फेज ठरावीक तासच. पीसी आणि सिंक जनरेटरला १ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस. साधा इन्व्हर्टर नको, त्याच्या बदलाच्या क्षणात पीसी टिकला तरी सिंक हुकतो. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लावा. अर्थिंग मात्र खरी दुखरी गोष्ट आहे. आपली काळी माती मे महिन्यात हातभर भेगाळते आणि अर्थचा खड्डा कोरडा पडतो. टेस्टरवर ५ ओहमच्या आत ठेवा, उन्हाळ्यात खड्ड्यात रोज पाणी टाका. कॅमेरा जनरेटरवर आणि पीसी लाईनीवर असं करू नका, नाहीतर सिंकच्या केबलमधून दोन अर्थ भांडतात. तीच माती पावसात फुगते, म्हणून रूळ फरशीवर टाकू नका, खाली काँक्रीटचा सलग पट्टा ओता; नाहीतर काल जुळलेला थर आज जुळणार नाही, आणि हा दोष उभ्यानंच दिसेल. पत्र्याखाली ४५ अंश असताना पॅनलवर कूलर सोडू नका, ओली हवा आत जाते. बहुतेक ड्राइव्हची पूर्ण ताकद ४० अंशांपर्यंतच धरलेली असते, तेव्हा पॅनलला छोटा एसी लावा किंवा शूटिंग पहाटे उरका.

इमर्जन्सी स्टॉप नेटवर्कवरून अजिबात नको. दोन चॅनेलची वायर थेट सेफ्टी रिलेला. बघायला अर्धा गाव येतो, पोरं रुळापर्यंत येतात. जाळीचं कुंपण आणि दाराला इंटरलॉक आधी, कॅमेरा नंतर.

नागपूरला जागा घ्यायची तर खुशाल घ्या, पण लाईनीच्या नावाने नको. दुहेरी टर्मिनेटर तिथेही तसाच फसवतो. त्या इंटिग्रेटरने आमच्या माथी मारलेला महागडा स्विच आता शेडच्या सीसीटीव्हीला लावला आहे. तिथे छान चालतो.