मनगटातली नस वाढते, त्यासाठी प्रोटीन येतं कुठून?

प्रश्न: काच लागून भावाच्या मनगटातली नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) कापली गेली, ऑपरेशन करून जोडली. डॉक्टर म्हणाले, आता दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढेल. त्या नसेच्या पेशी म्हणे मानेपाशी असतात, मग वाढीचं प्रोटीन तिथूनच येतं का? प्रोटीन पावडर दिली तर लवकर होईल का?

उत्तर: बरंचसं तिथूनच येतं, पण सगळं नाही, आणि जे जागेवर बनतं तेच मला या विषयातलं सगळ्यात भारी वाटतं.

हिशोब बघा. नसेत पेशींचे लांबच लांब तंतू असतात; अशा तंतूचं टोक पुढे सरकायला अ‍ॅक्टिन नावाचं प्रोटीन लागतं आणि ते तंतूतून दिवसाला २ ते ८ मिलिमीटर एवढ्याच वेगानं सरकतं, म्हणजे मानेपासून मनगटापर्यंतचं ६० सेंटिमीटर अंतर कापायला अडीच ते दहा महिने. सावकाश का होईना, माल येत राहतो, त्यामुळे लांबी वाढायचं काम त्यावर भागतं. पण टोकाला एखादा रासायनिक इशारा मिळाला आणि लगेच वळायचं असेल तर? म्हणून अ‍ॅक्टिन बनवायची कृती, म्हणजे त्याचा एमआरएनए, आधीच टोकाशी पोचवून ठेवलेला असतो आणि प्रोटीन बनवणारे रायबोसोमही तिथे असतात. तंतूत रायबोसोम नसतातच असं पूर्वी बरीच वर्षं मानलं जायचं.

हे नीट दिसलं ते झेनोपस बेडकाच्या पिल्लांमध्ये. डोळ्यातून मेंदूकडे जाणारे वाढते तंतू क्रिस्टीन होल्ट आणि डग्लस कॅम्पबेल यांनी पेशीच्या मुख्य भागापासून तोडले, तरी टोकं नेट्रिन या रसायनाकडे वळत होती, आणि प्रोटीन बनणं औषधानं बंद केलं की वळणं थांबत होतं (२००१). पुढे २००६ मध्ये होल्ट यांच्याच गटाला दिसलं की नेट्रिन ज्या बाजूला जास्त, टोकाच्या त्याच बाजूला पाचेक मिनिटांत नवं अ‍ॅक्टिन बनायला लागतं. पाच मिनिटं! मानेपाशी निरोप जाऊन तिथून प्रोटीन यायचं तर हे शक्यच नव्हतं.

नस कापली जाते तेव्हाही जखमेच्या जागी काही प्रोटीन तिथल्या तिथं बनतात आणि 'इथे तुटलंय' हा निरोप पेशीच्या मुख्य भागापर्यंत न्यायला मदत करतात, हे उंदरांच्या पायाच्या नसेत दिसलंय.

पावडरचं म्हणाल तर ती पोटात पचून तिची अमिनो आम्लं होतात, कुठलं प्रोटीन कुठे बनवायचं ते पेशीच ठरवते. भाऊ नीट जेवत असेल तर पावडरनं नस लवकर वाढेल अशी आशा नको. फिजिओथेरपी मात्र अजिबात चुकवू देऊ नका, तंतू बोटांपर्यंत पोचायला काही महिने जातील आणि तोवर बोटांचे सांधे आखडायला नकोत.