तिकीट न काढलेल्या माणसाचं काय?

तुमचा प्रश्न असा: खासगी कंपन्या स्वतःची रॉकेटं सोडायला लागल्यात, तुमचा आतेभाऊही हैदराबादला अशाच एका कंपनीत लागलाय, पैसा त्यांचा, धोका त्यांचा, मग सरकारने मध्ये पडायचं कशाला? पुन्हा लायसन्स-राज आणायचंय का?

मी सोलापूरच्या कोर्टात वकिली करतो. वीस वर्षं झाली, बहुतेक काम मोटार अपघाताच्या दाव्यांचं. तुमच्या प्रश्नातल्या 'धोका त्यांचा' या दोन शब्दांपाशी मी अडलो. आमच्या कामात दिवसभर एक शब्द कानावर असतो, थर्ड पार्टी. गाडीचा मालक एक, विमा कंपनी दुसरी, आणि रस्त्याच्या कडेने आपल्या वाटेने चाललेला माणूस तिसरा. त्याने गाडी घेतलेली नसते, पॉलिसी काढलेली नसते, भाड्याचा रुपयाही त्याच्या खिशात जात नाही. त्याच्यासाठी आपल्याकडे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. रॉकेटबद्दलही माझं सगळं म्हणणं या तिसऱ्या माणसाबद्दल आहे.

आकाशातून वस्तू खाली येणं आमच्या भागाला नवं नाही. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. तिथून हायड्रोजन भरलेले पातळ प्लास्टिकचे प्रचंड फुगे रात्री-पहाटे सुटतात, 30 ते 40 किलोमीटर उंच जातात आणि वारा नेईल तसे विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या पट्ट्यात सरकतात. काम झालं की उपकरणांची पेटी पॅराशूटने उतरते. मी सातवीत असताना अशी एक पेटी अक्कलकोट तालुक्यात आमच्या रानात उतरली. ज्वारीची काढणी झाली होती, कडब्याची गंज लागली होती, आणि गंजीपासून शंभर पावलांवर ते रंगीत कापड पसरलेलं. अर्धं गाव जमलं. आजोबांनी कुणाला हात लावू दिला नाही. पेटीवर चिकटवलेला कागद त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावला: ही वस्तू अमक्या संस्थेची आहे, उघडू नका, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा, हा पत्ता, हा फोन नंबर, कळवणाऱ्याला खर्च आणि बक्षीस मिळेल. दुपारी पोलीस पाटील येऊन बसले, रात्री उशिरा जीप आली आणि पेटी गेली. मालक कोण, हे त्या पेटीवरच लिहिलेलं होतं. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, आज वाटतं.

कारण 2 एप्रिल 2022 ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात जे पडलं त्यावर असा कागद नव्हता. महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या रेषा पाहिल्या. लाडबोरीत सुमारे 3 मीटर व्यासाचं धातूचं कडं जमिनीवर आदळलं, आसपासच्या गावांत धातूचे गोळे सापडले. कुणाला इजा झाली नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या चीनच्या लाँग मार्च 3बी रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा, असं जाणकारांनी सांगितलं. ते कडं एखाद्या घरावर पडलं असतं तर त्या घरातल्या माणसाने जायचं कुठे?

याचं उत्तर कागदावर आहे. 1967 चा बाह्य अवकाश करार म्हणतो की एखाद्या देशातल्या खासगी कंपनीने अवकाशात काही केलं तरी जबाबदार तो देश. त्याने परवानगी द्यायची आणि पुढे सतत लक्षही ठेवायचं. भारताने हा करार स्वीकारलेला आहे. म्हणजे 'मध्ये पडायचं कशाला' हा पर्याय सरकारकडे राहिलेलाच नाही. पुढे 1972 चा दायित्व करार आला. तो आमच्या भाषेत फार चांगला आहे: अवकाशातल्या वस्तूने जमिनीवर किंवा उडत्या विमानाचं नुकसान केलं तर चूक कुणाची हे सिद्ध करायची गरज नाही, सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यायची. पण मागणी एका देशाने दुसऱ्या देशाकडे राजनैतिक मार्गाने करायची असते, आणि सर्वसाधारणपणे एका वर्षाच्या आत. 24 जानेवारी 1978 ला सोव्हिएत संघाचा कॉसमॉस 954 हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडाने सुमारे 60 लाख कॅनेडियन डॉलर मागितले. 1981 मध्ये 30 लाख मिळाले. मागणारा कॅनडासारखा देश होता, तरी तीन वर्षं आणि निम्मी रक्कम.

आता खरा मुद्दा. तो करार सोडणाऱ्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना लागू होत नाही. चीनचा तुकडा लाडबोरीत पडला तर दिल्ली बीजिंगकडे दाद मागू शकते. उद्या भारतीय कंपनीच्या रॉकेटचा तुकडा भारतीय शेतकऱ्याच्या गोठ्यावर पडला तर तो करार त्याच्या उपयोगाचा नाही. त्याला आपल्याच देशाचा कायदा लागेल, आणि अवकाशासाठी वेगळा कायदा आपल्याकडे झालेला नाही. 2017 मध्ये अवकाश व्यवहार विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी आला होता, तो कायदा होईपर्यंत गेला नाही.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र समजू नका. 2020 मध्ये खासगी क्षेत्राला दार उघडलं, परवानगीसाठी इन-स्पेस ही संस्था झाली, जून 2022 मध्ये तिचं अहमदाबादचं मुख्यालय सुरू झालं. 2023 मध्ये अवकाश धोरण आलं, 2024 मध्ये सविस्तर नियमावली. त्यात तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीसाठी विमा किंवा आर्थिक हमीचाही विचार आहे. याच व्यवस्थेतून स्कायरूट या खासगी कंपनीचं विक्रम-एस रॉकेट 18 नोव्हेंबर 2022 ला श्रीहरिकोट्याहून उडालं आणि 89.5 किलोमीटर उंच गेलं. अग्निकुल या दुसऱ्या कंपनीने 30 मे 2024 ला तिथेच स्वतः उभारलेल्या तळावरून उड्डाण केलं. मला या पोरांचा अभिमान वाटतो, हे मनापासून सांगतो. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. धोरण मंत्रिमंडळ बदलू शकतं. त्यातून गोठा गेलेल्या माणसाला कोर्टात उभं राहण्याचा हक्क मिळत नाही.

माझ्याकडे एक बाई येतात. नवरा रात्री मोटारसायकलवरून येत होता, उसाच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता. दावा आम्ही जिंकलो. पण ट्रॅक्टरचा विमा अपघाताच्या चार महिने आधी संपलेला, म्हणून निवाडा फक्त मालकावर झाला. मालकाच्या नावावर काही उरलेलं नव्हतं. वसुलीचा दाखला तहसीलला गेला, तिथून कागद हलेना. बाई दर तारखेला निवाड्याची नक्कल दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणतात. घड्या पडून पडून रकमेचा आकडा होता तिथेच कागद फाटलाय. हक्क आहे, हुकूम आहे, पण पैसे देणारं कुणी नाही. नवीन कंपनी, भांडवल रॉकेटमध्ये जळून गेलेलं, आणि विमा अपुरा, असं झालं तर यापेक्षा वेगळं काय होईल?

तुम्ही म्हणाल, सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये दिल्लीच्या ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात ठरवून दिलंय की धोकादायक धंदा करणाऱ्यावर संपूर्ण दायित्व. बरोबर आहे, आणि असा दावा माझ्याकडे आला तर मी त्याच निकालापासून सुरुवात करीन. पण रॉकेट उडवणं त्यात बसतं की नाही यावरच दोन्ही बाजूंचे वकील काही वर्षं घालवतील. ती वर्षं पक्षकाराच्या आयुष्यातली असतात.

अमेरिकेत सगळं मोकळं आहे, असाही तुमच्या प्रश्नाचा सूर आहे. तिथे 1984 पासून व्यावसायिक उड्डाणांचा कायदा आहे. परवाना विमान वाहतूक प्रशासन देतं. ते आधी हिशोब करतं की जास्तीत जास्त किती नुकसान संभवतं, आणि तेवढा विमा घ्यायला लावतं. त्याची कमाल मर्यादा 50 कोटी डॉलर. त्यावरचं नुकसान ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार उचलतं. खालच्या लोकांपैकी कुणाचा जीव जाण्याची किंवा कुणाला गंभीर इजा होण्याची एकूण अपेक्षा एका उड्डाणामागे 10 हजारात 1 च्या आत असावी लागते. एप्रिल 2023 मध्ये स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात तळाचं काँक्रीटच उखडलं, तेव्हा 63 दुरुस्त्यांची यादी निघाली. जानेवारी 2025 मध्ये त्याच प्रकारच्या रॉकेटचे तुकडे कॅरिबियनमधल्या टर्क्स आणि केकोस बेटांवर पडले, विमानांना वाट बदलावी लागली. मोकळीक आहे ती दुसऱ्या ठिकाणी: रॉकेटमध्ये बसणाऱ्या प्रवाशांच्या सुरक्षेबाबत नियम करायला तिथल्या संसदेनेच 2004 पासून मनाई केली आहे, आणि ती मुदत वाढत वाढत जानेवारी 2028 पर्यंत आलीय. प्रवासी धोका वाचून सही करतो आणि बसतो. ते मला एक वेळ पटतं. सही करणाऱ्याने सही केलीय. खाली ज्वारी राखणाऱ्याने कुठे सही केलीय?

नियमांची किंमत असते, हेही मान्य. आपली पीएसएलव्ही श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेकडे, म्हणजे दक्षिणेला, जाताना श्रीलंकेवरून जाऊ नये म्हणून समुद्रावर वळसा घेते. त्या वळशात इंधन जातं, तेवढं वजन कमी नेता येतं. तमिळनाडूत कुलसेकरपट्टिणमला नवा तळ होतोय त्यामागे हेही एक कारण आहे: तिथून छोटी रॉकेटं सरळ दक्षिणेला जाऊ शकतात. म्हणजे कुणा अनोळखी माणसाच्या डोक्यावरून जायचं नाही, म्हणून आपण इतकी वर्षं रॉकेट वाकवत आलोय. मला हा सगळ्यात सुंदर नियम वाटतो.

सोलापुरात तर हे आम्ही जवळून पाहिलंय. होटगी रोडच्या विमानतळाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 ला पाडली. गावात त्यावर दोन तट होते आणि आहेत. पण विमानाच्या वाटेत किती उंच बांधायचं याचा नियम लेखी होता, दोन्ही बाजूंना कोर्टाची दारं होती, वर्षानुवर्षं युक्तिवाद झाले. कायदा असला की हरणाऱ्यालाही भांडायला जागा मिळते.

लायसन्स-राजची भीती मी उडवून लावत नाही. एका उड्डाणासाठी पाच खात्यांत फाइल फिरली तर तुमच्या आतेभावासारखी मुलं कंटाळून जातील. परवानगी एकाच खिडकीत आणि ठरलेल्या मुदतीत मिळावी, हे कायद्यातच लिहावं. आणि क्षेत्र वाढवायचं काम आणि सुरक्षा तपासायचं काम एकाच खुर्चीकडे नसावं. आज इन-स्पेसकडे दोन्ही आहेत, ते मला पटत नाही.

बाकी मला हवं ते मोटार वाहन कायद्यात आधीच आहे. त्याच्या कलम 164 नुसार चूक कुणाची हे न पाहता मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. हे कलम 1 एप्रिल 2022 ला लागू झालं, लाडबोरीत कडं पडलं त्याच्या आदल्या दिवशी. तसंच एक कलम अवकाशासाठी हवं: ठरावीक रक्कम लगेच, उरलेला दावा नंतर, आणि तोही पीडिताच्या जिल्ह्यातल्या कोर्टात, अहमदाबादला किंवा दिल्लीला हेलपाटे न घालता. कंपनी बुडाली किंवा विमा अपुरा पडला तर सरकारने आधी द्यावं आणि मग कंपनीच्या मागे लागावं.

आतेभावाला एक विचारा. त्यांच्या कंपनीच्या अर्जासोबत विम्याचा जो कागद आहे, त्यात थर्ड पार्टी म्हणून कुणाकुणाला धरलंय, आणि रक्कम किती? पीक, जनावरं आणि विहीर त्यात आहे का, तेही बघायला सांगा.